उजव्या वळणावरच गाडी बाहेर जाते? टायर बदलण्याआधी पाय कुठे आहे ते बघा

मोटरसायकलवाल्यांची तक्रार अशी असते. घाटात डावं वळण नीट जमतं. उजव्या वळणावर मात्र गाडी अर्ध्यात सुटल्यासारखी पुढे झेपावते आणि डाव्या कडेच्या खडीकडे जाते. दर वेळी होत नाही. तीन-चार वळणं सरळ निघतात आणि पाचव्याला पोटात गोळा येतो. मागचं चाक किंचित हललं की काय, असंही वाटतं. सपाट रस्त्यावर गाडी एकदम शहाणी.

मला हा त्रास दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा होत होता. गाडी दीडशे सीसीची, मागे ड्रम ब्रेक, रोजचा प्रवास चाकणच्या कंपनीत आणि महिन्यातून एखादा रविवार ताम्हिणी किंवा वरंधा घाट. शेवटी कारण सापडलं ते गाडीत नव्हतं, माझ्या उजव्या बुटात होतं. तिथपर्यंत पोचायला मी जो पैसा आणि वेळ घालवला तो तुमचा जाऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी गाडीतल्या शंका फेडून घ्या, कारण त्या खऱ्याही असू शकतात. हवा थंड टायरमध्ये मोजा, पेट्रोल पंपावर दहा किलोमीटर तापून गेल्यावर नाही. आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवरचा किंवा पुस्तिकेतला घ्या, पंपावरच्या मुलाच्या अंदाजाचा नको. पुढच्या चाकात हवा कमी असेल तर हँडल जड लागतं आणि गाडी वळायला आळस करते. टायरकडे बघताना मधला पट्टा घासून सपाट झालाय का ते पाहा. रोज हायवेने सरळ जाणाऱ्या गाडीचा टायर मधोमध चपटा होतो. मग गाडी कलायला आधी नाही म्हणते आणि त्या कडेवरून एकदम खाली पडल्यासारखी कलते. टायरचा गोटा झाला असेल तर पुढचं वाचू नका, आधी तो बदला.

मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला आणि फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची, खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. खटखट आली तर कोनसेट सैल आहे. हँडल एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर आतल्या वाट्यांना खड्डे पडलेत. असा कोनसेट घाटात फार त्रास देतो. चेन घट्ट करताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्यात का, हेही बघून घ्या.

इथे एक साधा तर्क आहे, जो मला फार उशिरा सुचला. हवा, टायर आणि कोनसेट यांतला दोष डाव्या-उजव्यात सहसा भेद करत नाही. दोन्ही वळणांवर त्रास होत असेल तर गाडीवर संशय घ्या. एकाच बाजूच्या वळणावर होत असेल आणि सरळ रस्त्यावर गाडी एकीकडे ओढत नसेल, तर त्या बाजूला तुम्ही काय वेगळं करता ते शोधा. मी हे न करता पुढचा टायर बदलला, कोनसेट बदलला, आणि पुढच्याच रविवारी मुळशीच्या धरणाकडेने ताम्हिणीत शिरल्यावर तिसऱ्या उजव्या वळणाला तेच.

उलगडा तीन गोष्टींनी झाला. सर्व्हिसिंगला मेकॅनिक म्हणाला, "ताई, मागचे ब्रेक शू संपलेत. सात हजार किलोमीटरमध्ये कसे संपवले?" आधीचे वीस हजारांच्या पुढे गेले होते. मी तेव्हा ते कानाआड केलं. नंतर आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला चहाला थांबलो, तेव्हा मागून येणारा मावसभाऊ म्हणाला, "उजव्या वळणावर तू पूर्ण वेळ ब्रेक दाबून असतेस. लाइट लागलेला असतो." मी ब्रेक दाबतच नव्हते, निदान माझ्या मते तरी नाही. त्याच टेबलाखाली मी पाय पुढे घेऊन बघितला, तर उजव्या बुटाच्या पुढच्या कडेचं कातडं घासून पांढरं पडलेलं. डावा बूट तसा नव्हता.

बूट कंपनीतले सेफ्टी शूज होते. जाड सोल, पुढे लोखंडी टोपी, त्यामुळे चवडा उंच आणि रुंद. मी तळपायाची मधली कमान फूटरेस्टवर ठेवायची, म्हणजे चवडा आपोआप ब्रेकच्या पायडलवर. सरळ रस्त्यावर पाय हलका उचललेला राहायचा. उजवीकडे गाडी कलली की शरीराचं वजन उजव्या पायावर यायचं आणि बुटाचं जड टोक पायडलवर बसायचं. सोल इतका जाड की पायडल दाबलं गेल्याचं पायाला कळतच नव्हतं. मागचा ब्रेक लागला की गाडी मंदावायची, मंदावली की माझा हात नकळत थोडी जास्त रेस द्यायचा. ब्रेकही चालू, रेसही चालू. मग गाडी आणखी कलली की बुटाचं टोक रस्त्याला घासायचं, मी दचकून पाय वर ओढायचे, ब्रेक सुटायचा आणि दिलेली रेस एकदम मोकळी व्हायची. गाडी झेपावून बाहेर. टोक घासेपर्यंत गाडी कलली तरच हे घडायचं, म्हणून तीन वळणं ठीक आणि चौथ्या-पाचव्याला फजिती. पावसात टोक घासायच्या आधीच मागचं चाक ब्रेकने सरकायचं, ते हललं की काय वाटणं खरंच होतं.

तुमचं तेच आहे का, हे घरी तपासता येतं. इंजिन बंद, किल्ली चालू, गाडी मेन स्टँडवर. नेहमीचे बूट घालून नेहमीसारखं बसा आणि कुणाला तरी मागचा लाइट बघायला सांगा. आता कंबरेपासून वरचं शरीर उजवीकडे झुकवा. लाइट लागला तर चोर सापडला. त्याहून चांगलं म्हणजे घाटात जोडीदाराला मागे ठेवा आणि त्याला फक्त लाइटकडे लक्ष द्यायला सांगा. स्वतःला हे कळत नाही, हाच या समस्येचा गाभा आहे. ड्रम ब्रेक असेल तर घाट उतरल्यावर मागच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, पण टेकवू नका, चटका बसेल.

डाव्या बाजूला हाच प्रकार गिअरच्या दांड्याशी होतो. चवडा दांड्याखाली अडकवून ठेवायची सवय असेल आणि बुटाचं टोक रस्त्याला टेकलं, तर रस्ता बुटाला वर ढकलतो आणि बूट गिअरला. ऐन वळणात गाडी वरच्या गिअरमध्ये जाते किंवा मधेच अडकून न्यूट्रलसारखी होते आणि इंजिनाचा धाक सुटतो. डावं वळण सुटलं तर आपण समोरून येणाऱ्या एसटीच्या बाजूला जातो. उजवं सुटलं तर खडीत जातो. दोन्ही वाईट, पण पहिलं जास्त.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. वळणात चवडा फूटरेस्टवर ठेवायचा, कमान नाही. बोटं सरळ पुढे, टाच गाडीला हलकी चिकटलेली. असं बसलं की बुटाचं टोक पायडलच्या वर न राहता मागे येतं, जमिनीपासूनही वर राहतं आणि गुडघे टाकीला आपोआप लागतात. मागचा ब्रेक लागेल तेव्हा पाय पुढे सरकवावा लागतो, त्याला क्षणभर जातो. म्हणून गर्दीत, गावातून जाताना, कुत्री-म्हशी रस्त्यावर असताना पाय पायडलवर तयार ठेवायचा आणि घाटात वळणाच्या तोंडाशी वेग उतरवून झाला की मागे घ्यायचा. सुरुवातीचे दोनशे किलोमीटर हे लक्षात ठेवून करावं लागतं. माझी पोटरी आठवडाभर दुखली.

पायडलची उंचीही लावून घ्या. ब्रेक पायडलला खाली स्टॉपरचा बोल्ट आणि नट असतो, त्याने विश्रांतीची उंची बदलते. ती बदलली की ब्रेकचा मोकळा खेळ, म्हणजे ब्रेक लागू होण्याआधी पायडल जेवढं खाली जातं तेवढं अंतर, पुन्हा लावावा लागतो. बऱ्याच ड्रम ब्रेकच्या गाड्यांच्या पुस्तिकेत तो २० ते ३० मिमी दिलेला असतो. आणि ब्रेक लाइटचा स्विचही पुन्हा लावायचा. हे मेकॅनिक हमखास विसरतात, मग लाइट एकतर सतत पेटतो किंवा पेटतच नाही. गिअरचा दांडा दात्यांच्या शाफ्टवर बसवलेला असतो. बोल्ट पूर्ण काढून दांडा ओढायचा, एक दाता वर बसवायचा. जाड बुटाला तेवढा एक दाता पुरतो. टाच-चवड्याचा दुहेरी दांडा असेल तर पुढचा वर गेला की मागचा खाली येतो, दोन्हीकडे जागा राहते ना ते बसून बघा.

पाय जागेवर आल्यावर माझी गाडी झेपावायची थांबली. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळी वळणं त्या दिवसापासून सुधारली नाहीत. पायाच्या गोंधळाखाली माझ्या चालवण्यातल्या दोन चुका झाकल्या गेल्या होत्या, त्या आता उघड्या पडल्या.

पहिली चूक वेगाची. आपण वळणात शिरल्यावर घाबरून वेग कमी करतो, तो आधी कमी झालेला हवा. किती फरक पडतो त्याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं तर गाडीला साधारण २३ अंश कलावं लागतं. ५० ने घेतलं तर ३३ अंश, ६० ने घेतलं तर ४३. वेग दहाने वाढला की कल दहा अंशांनी वाढतो, आणि ओल्या रस्त्यावर, शेवाळलेल्या कडेशी, ४३ चा विचारही करायचा नाही. म्हणून सरळ पट्ट्यावर दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवा, गिअर एक खाली घ्या, मग कला. वळणात रेस हलकी आणि एकसारखी. क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर पेट्रोल वाचवत घाट उतरणारे लोक मी दर रविवारी बघते आणि माझा जीव खालीवर होतो. इंजिनाने गाडी धरून ठेवली की मागच्या ब्रेकवरचा भार बराच हलका होतो.

वळणात असताना पुढचा ब्रेक जोरात लावला तर गाडी उभी व्हायला बघते आणि सरळ जाते. घाबरून हात ताठ केले तरी तेच होतं. गाडी वळते ती मुठीवरच्या दाबाने: उजवीकडे जायचं तर उजवी मूठ पुढे ढकलायची. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलट वाटतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ३०-४० च्या वेगाने एकदा अगदी हलकं ढकलून बघा, गाडी त्याच बाजूला कलते. वळण अर्ध्यात असताना गाडी बाहेर चालली आहे असं वाटलं, तर आतली मूठ आणखी ढकला. बहुतेक वेळा गाडीत अजून कलायची ताकद असते, आपल्यात धीर नसतो. हाताला हे आपोआप सुचत नाही, सराव लागतो. मी तो रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात चार दगड मांडून केला.

दुसरी चूक नजरेची. मी बाहेरच्या कठड्याकडे बघत होते, आणि गाडी नजरेमागे जाते. हनुवटी वळवून वळण जिथे संपतं तिकडे बघा. ते दिसत नसेल तर जितकं दिसतं त्याच्या टोकाला बघा आणि तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. ट्रॅकवरची 'बाहेरून आत, आतून बाहेर' ही रेघ आपल्या घाटात पूर्ण रस्त्यावर काढायची नाही, आपल्या लेनमध्येच. आंबेनळीच्या आवळलेल्या वळणांवर एसटीला वळायला दोन्ही लेन लागतात, तिचं मागचं अंग आत झाडत येतं. तिथे हॉर्न द्या, थांबा, आणि चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या.

आता बूट, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

सेफ्टी शूज घालून बाइक चालवणारे आमच्या पट्ट्यात हजारो आहेत. कंपनी फुकट देते, मजबूत दिसतात, मग वेगळे कशाला? त्यांचं काम वेगळं आहे. त्यांच्या भारतीय मानकात, आयएस १५२९८ मध्ये, पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात झेलेल अशी अट आहे, म्हणजे वरून जड वस्तू बोटांवर पडली तर. गाडी पडते तेव्हा बोटांवर वरून काही पडत नाही. १४० किलोची गाडी आडवी होते, पाय तिच्याखाली अडकतो, घोटा फूटरेस्ट आणि रस्ता यांच्यात पिळला जातो आणि घसरत जातो. मोटरसायकलच्या बुटांसाठी युरोपचं ईएन १३६३४ हे मानक आहे. त्यात बुटावर ओळीने चार आकडे छापलेले असतात: बुटाची उंची, घासण्याला टिकणं, कापण्याला टिकणं आणि सोल आडवा दाबला तर न चेपणं. प्रत्येक आकडा १ किंवा २, आणि २ म्हणजे जास्त. घोट्याला आघातसंरक्षण असेल तर 'आयपीए' आणि पाणी रोखत असेल तर 'डब्ल्यूआर' ही अक्षरं वेगळी येतात. हे लेबल बुटाच्या जिभेवर किंवा आतल्या बाजूला शिवलेलं असतं. दुकानदार तोंडाने 'सीई आहे', म्हणजे युरोपच्या मानकाचा शिक्का आहे, म्हणाला तर लेबल दाखवा म्हणायचं.

लेबल नसलेले बूट घ्यायचे झाले तर हातांनी तपासा. टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात धरून फडकं पिळतो तसं पिळा. सहज पिळला तर घोटाही तसाच पिळेल. सोल दोन्ही बाजूंनी आवळून बघा, मधे दुमडायला नको. टाचेची वाटी अंगठ्याने दाबा, दबता कामा नये. घोट्याची दोन्ही हाडं पूर्ण झाकली गेली पाहिजेत, म्हणून साधे स्पोर्ट्स शूज कितीही महागडे असले तरी कमी पडतात. आणि नाडी. लोंबणारी नाडी गिअरच्या दांड्यात किंवा फूटरेस्टच्या टोकात अडकली की सिग्नलला पाय खाली येत नाही आणि उभी गाडी आडवी होते. नाडी असलीच तर आत खोचता यावी किंवा वर पट्टी हवी.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. मोजे घालूनच माप घ्या. आणि माझी कळकळीची विनंती, दुकानाबाहेर उभ्या तुमच्या गाडीवर बसून बघा. चवडा दांड्याखाली सहज जातो का? पायडलवर पाय ठेवला की दाब जाणवतो का? सोल पातळ नको, पण पायडल 'ऐकू' आलं पाहिजे. माझ्या पायाचं माप लहान आहे आणि लहान मापात निवड फार थोडी. दुकानात मला 'दोन मोजे घाला, मोठा चालेल' असं सांगितलं गेलं. चालत नाही. बूट मोठा असला की टाच आत सरकते आणि टोक पुन्हा पायडलवर जातं. मी सहा आठवडे थांबून माप मागवलं.

पावसाळ्याबद्दल दोन गोष्टी. गमबूट स्वस्त आणि कोरडे, पण घोट्याला त्यांचा आधार शून्य, आणि वरून पाणी शिरलं की पाय बादलीत. बुटांवर चढवायची प्लास्टिकची रेन कव्हर तळापासून झाकणारी असतील तर फूटरेस्टवर सटकतात, तळ उघडा ठेवणारी घ्या. भिजलेले बूट शेगडीजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, कागद दोनदा बदला. आणि पेटीत पडून असलेले जुने बूट घाटात नेण्याआधी सोल वाकवून बघा. पॉलियुरेथेनचे सोल दमट हवेत न वापरताही आतून कुजतात आणि एखाद्या सकाळी भुगा होऊन सुटतात. कोकणातल्या घरी ठेवलेल्या बुटांचं हे हमखास होतं.

चप्पल आणि सँडलवर मी वेगळं लिहीत नाही. बाजारापर्यंत जाताना मीही घालायचे, आता घालत नाही.

मागे बसणाऱ्याच्या पायाकडेही बघा. त्याने पाय तुमच्या टाचेवर टेकवले तर तुमचा पाय पुढे ढकलला जातो आणि चवडा परत ब्रेकवर. माझ्या आईला मी हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, मग आधी का नाही बोललीस.

हे सगळं करूनही उजव्या वळणावर गाडी बाहेर जातच असेल, तर मागचा लाइट पेटतो की नाही ते आधी बघा. पेटत असेल तर पायाकडे परत या. पेटत नसेल आणि सरळ रस्त्यावर हँडल एका बाजूला धरून ठेवावं लागत असेल, तर फोर्क वाकलाय का आणि स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश सैल झालेत का ते मेकॅनिककडून तपासून घ्या, विशेषतः गाडी कधी पडली असेल किंवा सेकंडहँड घेतली असेल तर.

मी अजूनही घाट सुरू व्हायच्या आधी, पौड ओलांडल्यावर, एकदा थांबते. मावसभाऊ मागे उभा राहतो, मी शरीर उजवीकडे झुकवते, आणि तो लाइटकडे बघून हात वर करतो.